'ऐकून पाहा' : ध्वनिमुद्रित संगीत आणि श्रोत्यांचा मूल्यनिर्णय

१

संगीताचे दोन चाहते बऱ्याच दिवसांनी भेटले की एक प्रश्न हमखास विचारला जातो : सध्या काय ऐकता आहात? उत्तरादाखल गायकाचे नाव येते, रागाचे नाव येते, ध्वनिमुद्रिका कोणती तेही सांगितले जाते. त्यामागोमाग अभिप्राय येतात. विलंबित सुंदर आहे पण द्रुत उरकल्यासारखे वाटते; आवाज लागलेला नाही तरी राग उभा राहिला आहे; आधीच्या तबकडीची सर हिला नाही. आणि या संभाषणाचा शेवट बहुधा दोनच शब्दांनी होतो : 'ऐकून पाहा.'

हा संवाद इतका नेहमीचा आहे, की समीक्षाविचाराने त्याची दखल घ्यावी असे फारसे कोणाला वाटलेले नाही. मराठीत संगीताविषयीचे मर्मग्राही लेखन कमी नाही. गोविंदराव टेंबे, केशवराव भोळे, बी. आर. देवधर, वामनराव देशपांडे, अशोक दा. रानडे ही नावे त्याची साक्ष देतात. दुसऱ्या बाजूला बा. सी. मर्ढेकर, प्रभाकर पाध्ये, रा. भा. पाटणकर यांनी सौंदर्यविषयक मूल्यनिर्णयाची तात्त्विक चर्चा मराठीत रुजवली. पण संगीतावरील आस्वादक लेखन आणि मूल्यनिर्णयाचे तत्त्वज्ञान या दोहोंच्या मध्ये श्रोत्यांच्या बोलण्याचा जो विस्तीर्ण प्रदेश पसरला आहे, तो मोकळाच राहिला. 'ज्याची त्याची आवड' या सदरात तो टाकून दिला की प्रश्न मिटतो, अशी समजूत त्यामागे असावी.

ही समजूत तपासण्याजोगी आहे. ध्वनिमुद्रिका ऐकणाऱ्यांचे परस्परांशी होणारे बोलणे हे निव्वळ आवडीनिवडीचे निवेदन नसते. काही अटींवर ते समीक्षेचे प्राथमिक आणि अनेकदा अस्सल रूप असते. या अटी कोणत्या, त्या केव्हा पाळल्या जातात आणि केव्हा मोडतात, हे पाहिल्यास साहित्यसमीक्षेलाही स्वतःच्या पुराव्यांविषयी काही शिकता येईल.

२

प्रथम एक भेद स्पष्ट करणे आवश्यक आहे. मैफिलीतील श्रोता दाद देतो. ध्वनिमुद्रिकेचा श्रोता अभिप्राय देतो. या दोन क्रिया वरवर सारख्या दिसल्या तरी त्यांची रचना वेगळी आहे.

दाद ही समक्ष असते आणि ती गायकाला उद्देशून असते. 'वाहवा' हा उद्गार, मानेचा झोका, समेवर उचललेला हात या सर्वांचा अर्थ त्या क्षणापुरता असतो. ती दाद गायकाच्या पुढच्या आवर्तनावर परिणाम करते; म्हणजेच मैफिलीतील श्रोता हा काही अंशी त्या गायनाचा सहनिर्माता असतो. परंतु दादेला समर्थन द्यावे लागत नाही. कोणत्या कारणाने मान हलली हे कोणी विचारत नाही, आणि विचारले तरी उत्तर देईपर्यंत ते आवर्तन संपून गेलेले असते. दाद खोटी असू शकते, उशिरा येऊ शकते, शेजाऱ्याची पाहून दिलेली असू शकते. तिची शहानिशा करण्याची सोय मैफिलीत नाही.

ध्वनिमुद्रिकेने ही व्यवस्था बदलून टाकली. भारतात व्यापारी ध्वनिमुद्रणाला १९०२ मध्ये कलकत्त्यात आरंभ झाला, आणि गायक व श्रोता यांच्यामध्ये प्रथमच एक वस्तू आली. तबकडीला दाद देऊन उपयोग नाही. ती ऐकत नाही. दाद देण्याची ऊर्मी तर उरतेच. ती मग बाजूला बसलेल्या दुसऱ्या श्रोत्याकडे वळते. जे आधी गायकाला म्हणायचे होते, ते आता समश्रोत्याला सांगावे लागते. आणि समश्रोत्याला सांगायचे म्हणजे ते केवळ उद्गारून भागत नाही. गायकाला 'वाहवा' पुरते, कारण आपण काय केले हे त्याला ठाऊक असते. शेजाऱ्याला ते पुरत नाही. 'कशाला वाहवा?' असे तो विचारू शकतो. दादेचे अभिप्रायात रूपांतर होते ते या प्रश्नाच्या दबावामुळे.

ध्वनिमुद्रिकेने आणखी एक गोष्ट दिली, ती म्हणजे पुनरावृत्तीची शक्यता. अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांच्या दहा इंची तबकडीची एक बाजू सुमारे तीन-सव्वातीन मिनिटे चाले. एवढ्या काळात राग मांडायचा म्हणजे गायकाला काय ठेवावे आणि काय गाळावे याचा कठोर निर्णय घ्यावा लागे. पण तीच तीन मिनिटे श्रोत्याला हवी तितक्या वेळा परत मिळत. अब्दुल करीम खाँ यांची झिंझोटीतील ठुमरीची ध्वनिमुद्रिका लहानपणी कानावर पडल्याने भीमसेन जोशी गुरूच्या शोधात घराबाहेर पडले, ही हकीकत सर्वश्रुत आहे. बालवयातील कुमार गंधर्व थोरामोठ्यांच्या तबकड्या जशाच्या तशा गाऊन दाखवीत, हेही प्रसिद्ध आहे. दोन्ही उदाहरणांत एक गोष्ट समान आहे : मैफिलीत जे विरून जाते ते येथे टिकले, आणि टिकल्यामुळे ते अभ्यासाचा विषय झाले. साहित्याच्या भाषेत सांगायचे तर, संगीताला संहिता मिळाली.

३

संहिता मिळाल्यावर समीक्षेला तिच्यातील विशिष्ट स्थळाकडे निर्देश करता येतो. या निर्देशासाठी मराठी श्रोत्यांकडे एक समर्थ शब्द पूर्वीपासून आहे : 'जागा'. गायकाने अमुक ठिकाणी 'काय जागा घेतली' असे जेव्हा म्हटले जाते, तेव्हा त्या शब्दात दोन अर्थ एकवटलेले असतात. जागा म्हणजे रागाच्या वाटचालीतील ठिकाण, आणि जागा म्हणजे त्या ठिकाणी गायकाने केलेली कृतीही. मैफिलीत ही जागा क्षणात सरून जाते. ध्वनिमुद्रिकेत ती परत दाखवता येते. सुई उचलून थोडी मागे ठेवायची आणि म्हणायचे, 'हे ऐका.' समीक्षेच्या इतिहासात या साध्या कृतीचे महत्त्व अद्याप पुरेसे ओळखले गेलेले नाही.

आर्नल्ड आयझेनबर्ग या तत्त्वचिंतकाने १९४९ मधील आपल्या प्रसिद्ध निबंधात समीक्षेतील कारणांचे स्वरूप तपासले होते. समीक्षक एखाद्या चित्रातील रेषेच्या वळणाकडे लक्ष वेधतो, तेव्हा ते वळण हा काही मूल्यनिर्णयाचा तार्किक आधार नसतो. तसेच वळण दुसऱ्या चित्रातही असू शकते आणि ते चित्र सामान्य असू शकते. समीक्षकाच्या विधानाचा अर्थ चित्राकडे पाहतानाच भरून निघतो. ते विधान सिद्ध करीत नाही, दृष्टी वळवते. हा विचार संगीताला लावला की 'जागा' या शब्दाचे समीक्षामूल्य उमगते. जागा दाखवणारा श्रोता काही सिद्ध करीत नसतो. तो दुसऱ्याचा कान वळवीत असतो.

एका परिचित ध्वनिमुद्रिकेचे उदाहरण घ्यावे. उस्ताद अमीर खाँ यांची एका बाजूला मारवा आणि दुसऱ्या बाजूला दरबारी असलेली दीर्घ अवधीची तबकडी १९६० मध्ये निघाली. महाराष्ट्रातील श्रोत्यांच्या बोलण्यात तिचे नाव आजही येते. या मारव्याविषयी तीन श्रोते बोलत आहेत अशी कल्पना केली, तर त्या बोलण्याचे तीन स्तर दिसतात.

पहिला म्हणतो, हा मारवा फार उदास आहे. हे विशेषण आहे. ते खोटे नाही. पण ते ऐकल्याने दुसऱ्याच्या ऐकण्यात काहीच बदलत नाही. संध्याकाळचा राग, कोमल ऋषभ, पंचम वर्ज्य. तो उदास वाटणार हे ऐकण्यापूर्वीही सांगता आले असते.

दुसरा म्हणतो, उदासी षड्जापासून येते. तो षड्जावर विसावतच नाही, ऋषभ आणि धैवत यांच्यातच फिरत राहतो. येथे बोलणे विशेषणावरून स्थळावर आले. षड्ज हा भारतीय संगीतातील घराचा स्वर. त्याला टाळणे हे मारव्याचे लक्षणच आहे. ऐकणाऱ्याला आता कशाची वाट पाहायची ते कळले. परंतु हे विधान अजून रागाविषयीचे आहे, या ध्वनिमुद्रिकेविषयीचे नाही. तेच वसंतराव देशपांडे यांच्या मारव्याविषयीही म्हणता येईल, आणि वसंतरावांच्या आक्रमक, लयीशी झटणाऱ्या मारव्याची प्रकृती तर अगदी निराळी आहे.

तिसरा म्हणतो, षड्ज टाळणे दोघांतही आहे. पण वसंतरावांत टाळलेल्या षड्जाचा ताण जाणवतो, ते त्याला हुलकावणी देतात. अमीर खाँ हुलकावणी देत नाहीत. त्यांना तेथे पोहोचण्याची घाईच नाही. झुमऱ्याचे आवर्तन इतके सावकाश चालले आहे की षड्ज आला तेव्हा तो सुटकेसारखा वाटत नाही, स्मरणासारखा वाटतो. आता पुन्हा ऐका.

हे तिसरे विधान चूक ठरू शकते, आणि त्यातच त्याचे बळ आहे. पुन्हा ऐकून कोणी म्हणू शकेल की स्मरण नव्हे, ती सुटकाच आहे. पण असे म्हणणाऱ्यालाही त्या जागेपाशी जावे लागेल. वाद आता दोन व्यक्तींच्या आवडींमध्ये राहिला नाही. तो एका जागेच्या दोन ऐकण्यांमध्ये आला. समीक्षा सुरू होते ती येथे.

४

'ज्याची त्याची आवड' या युक्तिवादाची मर्यादा आता अधिक नेमकेपणाने सांगता येते. कांटने १७९० च्या आपल्या ग्रंथात रुचकर आणि सुंदर यांच्यात केलेला भेद पाटणकरांच्या 'सौंदर्यमीमांसे'मुळे मराठी अभ्यासकांच्या परिचयाचा झाला आहे. एखादे मद्य चांगले लागते असे म्हणणाऱ्याला, 'तुला चांगले लागते असे म्हण,' अशी दुरुस्ती कोणी सुचवली तर तो ती आनंदाने मान्य करतो. परंतु एखादी वस्तू सुंदर आहे असे म्हणणारा 'माझ्यापुरती सुंदर' ही दुरुस्ती मान्य करू शकत नाही. तो सर्वांच्या संमतीची मागणी करतो. आणि ही संमती पुराव्याने सक्तीची करता येत नाही हेही त्याला ठाऊक असते.

श्रोत्यांच्या संवादातील 'मला आवडते' आणि 'ऐकून पाहा' ही दोन वाक्ये या भेदाच्या दोन बाजूंना उभी आहेत. पहिले वाक्य बोलणाऱ्याविषयी आहे, आणि त्यावर वाद होऊ शकत नाही. दुसरे व्याकरणाच्या दृष्टीने आज्ञार्थी असले तरी त्यात आज्ञा नाही, अपेक्षा आहे. ऐकलेस तर तुलाही हे जाणवेल, जाणवले पाहिजे, असा दावा त्यात अनुस्यूत आहे. शिवाय या दाव्याचा निकाल लावण्याचा एकमेव मार्गही त्या वाक्यानेच सांगितला आहे : स्वतः ऐकणे. शंभर जाणकारांची स्तुती ऐकून एखाद्याला तबकडी सुंदर वाटू लागली तर तो सौंदर्यनिर्णय नव्हे, तो लोकमताचा स्वीकार होय. 'ऐकून पाहा' म्हणणारा श्रोता स्वतःचे मत पुढे करून लगेच बाजूला होतो आणि दुसऱ्याच्या कानाला अधिकार देतो. कांटला जी सार्वत्रिकता अभिप्रेत होती, तिचे याहून साधे व्यावहारिक रूप सापडणे कठीण आहे.

या वाक्यात बोलणारा स्वतःला पणालाही लावीत असतो. ज्याला तबकडी सुचवली, तो दुसऱ्या दिवशी येऊन 'त्यात विशेष काही नाही' असे म्हणू शकतो. तेव्हा सुचवणाऱ्यापुढे दोन वाटा असतात. 'तुला संगीत कळत नाही' असे म्हणून संवाद तोडता येतो. किंवा 'कोठे कंटाळा आला?' असे विचारून तो चालू ठेवता येतो. दुसरी वाट धरणाऱ्याला अनेकदा असे आढळते की कंटाळ्याची जागा खरोखरच कमकुवत होती. आपण गायकाच्या नावाच्या भरात तिकडे दुर्लक्ष केले होते. अभिनवगुप्ताने सहृदयाची कल्पना मांडताना सतत अनुशीलनाने स्वच्छ झालेल्या मनोदर्पणावर भर दिला आहे. हे अनुशीलन एकांतात घडते असे आपण सहसा गृहीत धरतो. श्रोत्यांच्या व्यवहारात ते पुष्कळदा दुसऱ्याच्या नापसंतीमुळे घडते.

५

नावाचा प्रश्न येथे अटळपणे पुढे येतो. अगदी आरंभीच्या ध्वनिमुद्रिकांत गाणे संपताच गायिका स्वतःचे नाव उच्चारते. गौहरजानची इंग्रजीतील ती घोषणा प्रसिद्धच आहे. परदेशात तबकड्या छापणाऱ्यांना नोंद नीट ठेवता यावी ही त्यामागची व्यावहारिक सोय होती. पण त्या सोयीत एक सूचकता आहे. गाणे आणि नाव एकाच चरीत कोरले गेले. तेव्हापासून श्रोत्यांचे बोलणे नावापासून सुरू होते, आणि पुष्कळदा नावापाशीच संपते.

आय. ए. रिचर्ड्सने केंब्रिजच्या विद्यार्थ्यांपुढे कवींची नावे काढून टाकलेल्या कविता ठेवल्या आणि त्यांचे अभिप्राय १९२९ च्या ग्रंथात तपासले. नाव नाहीसे होताच सुशिक्षित वाचकांचेही निर्णय किती डळमळतात, ठरीव प्रतिसाद कसे पुढे सरसावतात, हे त्यातून दिसले. संगीतश्रोत्यांच्या बैठकींत हाच प्रयोग खेळ म्हणून चालतो. नाव न सांगता तबकडी लावायची आणि 'ओळखा' म्हणायचे. मात्र दोन्ही प्रयोगांतील फरक महत्त्वाचा आहे. रिचर्ड्सचा वाचक कवितेचे मूल्यमापन करू लागला; तबकडीचा श्रोता प्रथम आवाज ओळखू लागतो. कवितेवरून नाव पुसता येते. गायनावरून ते पुसता येत नाही, कारण आवाज हीच सही असते. परिणामी हा खेळ मूल्यनिर्णयाच्या दिशेने न जाता ओळखीच्या दिशेने जातो. ओळख पटली की ऐकणे थांबते. 'अरे, हे तर अमुक' असे म्हणताना श्रोत्याच्या चेहऱ्यावर जो विजय दिसतो, तो आस्वादाचा नसतो.

घराण्याचे नाव याहून अधिक अडथळा आणते. वामनराव देशपांडे यांनी 'घरंदाज गायकी'त स्वर आणि लय यांच्या परस्परप्रमाणावरून घराण्यांची मांडणी केली : एका टोकाला स्वरप्रधान किराणा, दुसऱ्या टोकाला लयप्रधान आग्रा, आणि दोहोंचा तोल साधणारे जयपूर. या मांडणीचे मूल्य तिच्या विश्लेषक उपयुक्ततेत आहे. कोठे काय ऐकावे हे ती सांगते. परंतु श्रोत्यांच्या तोंडी हीच मांडणी निर्णयाचा शिक्का होऊन बसली. 'किराण्याचा आहे, लयीचे काय विचारता' किंवा 'आग्र्याचा आवाज असाच' अशी वाक्ये ऐकण्याआधीच तयार असतात. संकल्पना ऐकण्याचे साधन म्हणून आली आणि ऐकण्याला पर्याय म्हणून राहिली. मराठी साहित्यसमीक्षेत 'वास्तववादी', 'देशी', 'नव' यांसारख्या संज्ञांचे जे झाले, त्याहून हे फार वेगळे नाही.

६

या सर्व मांडणीवर दोन गंभीर आक्षेप संभवतात.

पहिला आडोर्नोच्या विचारातून येतो. १९३८ च्या निबंधात त्याने श्रवणाच्या ऱ्हासाची मीमांसा केली. ध्वनिमुद्रित संगीत ऐकणारा मनुष्य समग्र रचना ऐकत नाही. तो सुटे, आकर्षक तुकडे ओळखून आनंदतो, आणि संगीत ही मालकीची वस्तू होते. मग 'जागा' ही अशा तुकड्याचीच प्रतिष्ठित आवृत्ती नव्हे काय? सुई मागे ठेवून जागा पुनःपुन्हा ऐकणारा श्रोता राग ऐकतो, की रागातून कापून काढलेला अलंकार?

आक्षेपात तथ्य आहे. जागांची यादी म्हणजे राग नव्हे. अमीर खाँ यांच्या मारव्यातील षड्ज सुटा काढून ऐकवला तर तो केवळ षड्ज आहे. त्याचे स्मरणासारखे वाटणे आधीच्या साऱ्या वाटचालीवर अवलंबून आहे. परंतु यातून जागा दाखवणे व्यर्थ ठरत नाही. खरी जागा कोणती हे ठरवण्याचा निकष मिळतो. जी जागा दाखवताना मागून ऐकत यावे लागते, ती समग्रतेकडे नेते. जी सुटी ऐकवली तरी तितकीच चमकते, ती नुसती करामत असते. अनुभवी श्रोता 'ही तान ऐका' असे न म्हणता 'येथपासून ऐका' असे म्हणतो. कुमार गंधर्वांच्या वाटचालीतही हा भेद दिसतो. लहानपणी तबकड्यांची हुबेहूब नक्कल करणारा हा कलावंत पुढे कोणत्याच तबकडीसारखा गायला नाही. पुनरावृत्तीने त्याला तुकड्यांचा संग्राहक केले नाही. ती त्याच्यासाठी ऐकण्याची शिस्त ठरली.

दुसरा आक्षेप समाजशास्त्रीय आहे. बोर्द्यूने १९७९ मध्ये दाखवून दिले की अभिरुची ही सामाजिक स्थान मिरवण्याची रीत असते. तबकडीप्रेमींच्या वर्तुळात याचा प्रत्यय सहज येतो. खासगी मैफिलींची ध्वनिमुद्रणे जमवणाऱ्यांच्या बोलण्यात 'माझ्याकडे आहे' हे वाक्य अनेकदा 'ऐकून पाहा' या वाक्याची जागा घेते. ज्या ध्वनिमुद्रणाची प्रत दुसऱ्याला मिळणार नाही, त्याच्या थोरवीचे वर्णन हे समीक्षेचे विधान असूच शकत नाही. ते तपासण्याचा मार्गच बंद असतो. समीक्षेला सामायिक संहिता लागते, आणि संग्राहकाची प्रतिष्ठा नेमकी संहिता सामायिक न करण्यावर उभी असते. हा व्यक्तींचा दोष म्हणून सोडून देता येणार नाही. शास्त्रीय संगीताविषयी मराठीत जे लिहिले-बोलले गेले, त्याचा काही भाग आज तपासता येत नाही, कारण ज्या गायनाविषयी ते आहे ते एकतर विरून गेले किंवा कोणाच्या तरी कपाटात बंद राहिले.

१९८० च्या दशकात ध्वनिफितींनी हे कपाट काहीसे उघडले, आणि आज तर बहुतेक जुनी ध्वनिमुद्रणे घरबसल्या कोणालाही ऐकता येतात. सामायिक संहितेची अट यापूर्वी कधी नव्हती इतकी पुरी झाली आहे. परंतु त्याच वेळी सुचवण्याचे काम माणसाच्या हातून निसटू लागले आहे. श्रोत्याच्या पूर्वीच्या निवडी मोजून 'तुम्हाला हेही आवडेल' असे सांगणारी गणिती यंत्रणा आज पुढचे गाणे समोर ठेवते. कांटच्या परिभाषेत ही यंत्रणा केवळ रुचकराची भाषा बोलते. ती तुमच्या आवडीविषयी अंदाज करते. गाण्याविषयी तिचे काही म्हणणे नसते. तिला संमती नको असते, तिच्याशी वाद घालता येत नाही, आणि तिचा अंदाज चुकला तरी तिची पत जात नाही. कोठे कंटाळा आला, हे ती विचारणार नाही. श्रोत्याला जे ऐकण्याची सवय आहे त्याच्या जवळपासच ती त्याला फिरवीत राहते. तर समश्रोत्याच्या 'ऐकून पाहा'चे मोल पुष्कळदा यात असते की जे सहज आवडले नसते त्याच्यापाशी ते थांबवून ठेवते. शिफारस आणि समीक्षा यांच्यातील अंतर इतके उघडे पूर्वी कधी पडले नव्हते.

७

शिफारशीच्या इतिहासातील एका घटनेने या विवेचनाचा समारोप करणे उचित ठरेल. १९७७ मध्ये 'व्हॉयेजर' ही दोन अंतराळयाने सोडली गेली, तेव्हा त्यांच्यावर पृथ्वीवरील ध्वनींची एक सुवर्णलेपित तबकडी ठेवण्यात आली. भारतीय संगीतासाठी रॉबर्ट ब्राउन या संगीत-अभ्यासकाने केसरबाई केरकर यांची भैरवीतील 'जात कहाँ हो' ही ध्वनिमुद्रिका सुचवली. ती तेव्हा बाजारात सहज मिळत नव्हती. न्यूयॉर्कमधील एका भारतीय कुटुंबाच्या छोट्या दुकानात तिच्या प्रती अखेर सापडल्या. साडेतीन मिनिटांचे ते गायन निवडले गेले. गोव्यातील केरी गावी जन्मलेल्या आणि ध्वनिमुद्रणाविषयी आयुष्यभर सावध राहिलेल्या या गायिकेचे निधन पहिले यान अवकाशात झेपावल्यानंतर काही आठवड्यांतच, १६ सप्टेंबर १९७७ रोजी झाले.

या घटनेकडे सहसा अभिमानाचा विषय म्हणून पाहिले जाते. समीक्षेच्या दृष्टीने तिचे महत्त्व दुसरीकडे आहे. ती निवड झाली ती एका श्रोत्याने दुसऱ्याला 'ऐकून पाहा' म्हटल्यामुळे, आणि दुसऱ्याने खरोखरच तबकडी शोधून ऐकल्यामुळे. तबकडी मिळेपर्यंतची ती खटपट हा त्या निर्णयाचाच भाग होता. याच्या उलट, यानावरील तबकडी ज्या अज्ञात श्रोत्यासाठी आहे, त्याच्यापर्यंत ही शिफारस शिफारस म्हणून पोहोचणारच नाही. याउसने ज्याला अपेक्षांचे क्षितिज म्हटले, ते त्याच्यापाशी असणार नाही. भैरवी ही मैफिलीच्या अखेरीस का येते, जयपूर गायकीचा पल्लेदार दमसास भैरवीसारख्या हळव्या रागिणीत काय करतो, हे त्याला कोण सांगणार? त्याला ध्वनी मिळेल, जागा मिळणार नाही. जागा दाखवायला दुसरा श्रोता लागतो.

म्हणूनच 'सध्या काय ऐकता?' या प्रश्नाकडे समीक्षेने अवज्ञेने पाहू नये. ध्वनिमुद्रिकेने संगीताला संहिता दिली, पण संहिता आपणहून बोलत नाही. तिच्याभोवती एकमेकांचा कान वळवणारी, चूक ठरण्याची तयारी असणारी माणसे असावी लागतात. अशा माणसांचे बोलणे विशेषणांत, नावांत किंवा मालकीत अडकले की ती आवड होते, ओळख होते, मिरवणे होते. तेच बोलणे एका विशिष्ट जागेपाशी येऊन थांबले आणि दुसऱ्याला तेथे येण्याचे आमंत्रण देऊ लागले, की त्याला समीक्षेखेरीज दुसरे नाव देता येत नाही. साहित्याच्या समीक्षेलाही अखेर याहून वेगळे काही करता येत नसते. कवितेतील ओळीवर बोट ठेवून 'पुन्हा वाचून पाहा' असे म्हणण्याचा अधिकार तिला तिच्या परिभाषेमुळे मिळत नाही. तो त्या ओळीपाशी ती स्वतः किती वेळ थांबली, यावरून मिळतो.